रविवारी सहाशे फूट रेघा पुसण्याऐवजी चार फुटांची एक रेघ मारू देण्याबाबत

दिनांक : शुक्रवार, १४ तारीख
(दुपारच्या सुट्टीत लिहिला)

प्रति,
मा. विभागप्रमुख साहेब,
रस्ते व मार्गचिन्हे विभाग,
दुसरा मजला, जिन्यासमोरची खोली.

अर्जदार : पट्टे मारणारा, पथक क्रमांक दोन. नोकरी बावीस वर्षे. यापूर्वी काढलेल्या शंका : एक.

विषय : कार्यालयासमोरील चौकातील चुकीचे पट्टे पुसण्याचे काम रविवारऐवजी सोमवारी करू देण्याबाबत.

संदर्भ : १) आपले पत्र क्रमांक ३१८, दिनांक १२ ("ज्याने मारले त्यानेच पुसावे").
२) आपले गेल्या वर्षीचे परिपत्रक ("आराखड्याप्रमाणे काम करावे, शंका काढू नयेत").
३) अर्जदाराच्या मुलीचे काल संध्याकाळचे तोंडी विधान.

महोदय,

१) वरील विषयास अनुसरून अर्जदार सविनय सादर करतो की, चौकातले ते पट्टे अर्जदारानेच मारलेले आहेत. ते चुकीचे आहेत हे त्यास मान्य आहे. ते पुसण्यास त्याची ना नाही, आणि पुसल्यानंतर चार दिवस कंबर धरून चालावे लागेल तेही त्याने आत्ताच पत्करले आहे. हरकत आहे ती फक्त वाराची. आपण पुसण्यासाठी रविवार, दिनांक १६, सकाळी नऊ ते सायंकाळी पाच अशी वेळ नेमून दिली आहे. नेमक्या त्याच दिवशी अकरा वाजता अर्जदाराच्या मुलीच्या शाळेचा रोबो स्पर्धेत उतरत आहे, आणि तेथे अर्जदाराने स्वतःच्या हाताने एक रेघ मारावयाची आहे. ती दुसऱ्या कोणी मारलेली चालत नाही. का चालत नाही हे समजण्यासाठी आधीचा सगळा घोळ आपल्या कानावर घालणे भाग आहे. अर्ज त्यामुळे लांबला आहे, तो सांभाळून घ्यावा.

२) मुलगी सातवीत आहे. शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी तिघांचा संघ निवडला. एक अर्जदाराची मुलगी. दुसरी तिची मैत्रीण, जिला घरचेसुद्धा चष्मा म्हणतात. आणि तिसरा बडबड्या, जो इतर शिक्षकांच्या मते फार बोलतो आणि विज्ञानाच्या बाईंच्या मते बरोबर बोलतो. या तिघांनी चार महिने खपून एक यंत्र उभे केले. त्याचे नाव बुटक्या. जेवणाच्या जुन्या डब्याचे झाकण हे त्याचे अंग. खाली चार चाके, पोटाखाली दोन इवलेसे डोळे, ज्यांना काळे-पांढरे कळते, आणि वर वळणारी मान व तिच्यावर तिसरा डोळा. बुटक्याचे काम एवढेच की काळ्या जमिनीवर पांढरी रेघ दिसली की तिच्यावरून चालत राहावे आणि वाट संपेपर्यंत ती सोडू नये. हे ऐकून अर्जदारास फार बरे वाटले. आपण मारलेल्या रेघा मनापासून पाळणारे कोणीतरी जगात निघाले, असे त्याने घरी बोलूनही दाखवले. वाहनचालकांचा अनुभव आपणांस वेगळा सांगायला नको.

३) स्पर्धेच्या नियमाप्रमाणे प्रत्येक संघाला एक मदतनीस पालक नोंदवावा लागतो. चष्माचे वडील इंजिनियर आहेत. बडबड्याची मावशी डॉक्टर आहे आणि तिचे अक्षरही वाचता येते. असे असताना मुलीने कोणालाही न विचारता अर्जात अर्जदाराचे नाव घातले, आणि 'निवडीचे कारण' या रकान्यात लिहिले की, माझ्या बाबांइतकी सरळ रेघ या शहरात कोणी मारत नाही. साहेब, शाळेच्या कागदांवर वडिलांच्या व्यवसायासमोर आजवर नुसते 'नोकरी' असे लिहिलेले असे. ते अर्जदारानेच लिहिलेले असे. त्या रकान्याची प्रत काढून अर्जदार गेला महिनाभर खिशात बाळगून आहे. शर्ट दोनदा धुतला गेला तरी प्रत शाबूत आहे, कारण पत्नी खिसे तपासते. ती सोबत जोडली आहे. पाहून परत मिळावी.

४) आता मूळ चूक. स्पर्धावाल्यांनी सरावाच्या वाटेचा आराखडा बंद पाकिटात दिला होता. अट अशी की पाकीट मदतनीस पालकाने उघडावे, वाट जमिनीवर आखून द्यावी, आणि मुलांनी कागद मुळीच पाहू नये. त्यांनी जमिनीवर पाहून यंत्राला शिकवावे. अर्जदाराने पाकीट उघडले आणि आराखडा नीट न पाहताच, चुरगळू नये म्हणून कामाच्या पिशवीतल्या प्लॅस्टिकच्या नळीत गुंडाळून ठेवला. त्या नळीत आधीपासूनच एक कागद होता. तो आपल्या कार्यालयाने दिलेला, समोरच्या चौकाच्या नव्या पट्ट्यांचा आराखडा. दोन्ही कागद एकाच आकाराचे. दोन्हींवर नाव नाही, गाव नाही, सही नाही, वरवर पाहता नुसत्या रेघा. यापुढचे आपल्या लक्षात आले असेलच, तरीपण नियमाप्रमाणे लिहून देतो.

५) शनिवारी, दिनांक ८ रोजी, कार्यालय बंद असताना अर्जदार व त्याचा जोडीदार मशीनवाला दादा यांनी चौक झाडून घेतला, रंग तापवला आणि नळीतून हाताला लागला तो कागद उघडला. त्यावर झेब्रा नव्हता. गाड्या लावण्याचे चौकोन नव्हते. एक रेघ कागदाच्या खालच्या कडेपासून, म्हणजे कार्यालयाच्या फाटकाकडून, निघत होती, नागमोडी जात होती, एक मोठा गोल घेऊन स्वतःलाच छेदत होती, मग काटकोनात वळत होती आणि पुढे मध्येच गायब होऊन वीस फुटांवर पुन्हा सुरू होत होती. दादा म्हणाला की, हे काही बरोबर दिसत नाही. अर्जदार म्हणाला की, साहेब आत्ताच तीन दिवसांचे प्रशिक्षण घेऊन आले आहेत, तिकडे हल्ली असेच मारत असतील. शिवाय गेल्या वर्षी अर्जदाराने एकदा विचारले होते की, हा झेब्रा भिंतीवर जाऊन संपतो, तर माणसाने पलीकडे कसे जावे. त्यावर त्यास लेखी खुलासा द्यावा लागला होता आणि वर उल्लेखलेले परिपत्रक निघाले होते. तेव्हापासून अर्जदाराने शंका काढणे बंद केले आहे. कागदावरचा एक इंच म्हणजे रस्त्यावरचे पाच फूट, या खात्याच्या ठरलेल्या मापाने त्याने सहाशे फूट रेघ मारली. काम चोख झाले आहे. वळणाला कोठेही हात थरथरलेला दिसणार नाही.

६) सोमवारी सकाळी काय झाले ते आपणांस चांगलेच स्मरत असेल, कारण गाडीत आपण स्वतः होतात. आपले चालक हे अतिशय शिस्तीचे गृहस्थ आहेत. फाटकातून आत येताच त्यांना नवी कोरी रेघ दिसली आणि ती साहेबांच्याच खात्याची आहे म्हणून त्यांनी ती पाळायची ठरवले. गोल आला तसे ते गोल फिरले. जिथे रेघ स्वतःला छेदते तिथे कोणत्या बाजूने जावे हे न कळल्याने ते पुन्हा फिरले, आणि खात्री करून घेण्यासाठी तिसऱ्यांदाही फिरले. मग रेघ संपली तिथे त्यांनी गाडी उभी केली, कारण पुढचा हुकूम जमिनीवर नव्हता. आपण उतरून पायी कार्यालयात आलात. त्या दिवशी मस्टरवर आपली सही सर्वांत आधी पडली असे शिपाईकाकांचे म्हणणे आहे. अर्जदाराचे तसे काही म्हणणे नाही.

७) इकडे रविवारी, दिनांक ९ रोजी, अर्जदाराने नळीतला उरलेला कागद घेतला आणि शाळेच्या हॉलच्या काळ्या फरशीवर पांढऱ्या रंगाने आठ फूट लांबीची सरावाची वाट आखून दिली. म्हणजेच, साहेब, शाळेच्या हॉलमध्ये सध्या आपला चौक आहे. झेब्रा आहे, थांबायची रेघ आहे, दुचाकींसाठी आठ चौकोन आहेत आणि 'फक्त कर्मचाऱ्यांसाठी' असे लिहिलेला एक कोपराही आहे. स्पर्धेच्या कागदावर हे कसे, ही शंका अर्जदारास आली होती, पण परिपत्रक आठवून त्याने ती काढली नाही. मुलांनी नियम पाळून कागद पाहिलेला नव्हता, तेव्हा त्यांना वाटले की यंदाची स्पर्धा अवघड आहे. ती तिघे हटली नाहीत. सोमवार, मंगळवार, बुधवार असे तीन दिवस शाळा सुटल्यावर बसून त्यांनी बुटक्याला शिकवले की थांबायची रेघ आली की थांबावे, मान डावीकडे वळवावी, उजवीकडे वळवावी, आणि मगच पुढे जावे. बडबड्या हॉलच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला शंभर वेळा चालला, कारण रस्ता ओलांडणारा माणूस म्हणून कोणीतरी हवे होते. मुख्याध्यापिकाबाई पाहायला आल्या तेव्हा बुटक्या त्यांच्यासाठीही थांबला. त्या फार खूश झाल्या. फरशीवरचा रंग निघत नाही हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळले.

८) बुधवारी आपण अर्जदारास बोलावून घेतले, चौकात उभे केले आणि मूळ आराखड्याची कार्यालयातली प्रत त्याच्या नाकासमोर धरली. ती पाहताच अर्जदाराच्या तोंडून निघून गेले की, हे तर मी शाळेच्या हॉलमध्ये मारलंय. त्यावर आपण जे बोललात ते येथे लिहीत नाही. पण अर्जदार उडवाउडवी करत नव्हता, साहेब. त्याच क्षणी त्याला सगळे कळले, आणि आपल्या रागाचे त्याला काहीच वाटेनासे झाले. त्याच्या डोळ्यांसमोर फक्त मुलगी आली. स्पर्धेला चार दिवस उरले होते आणि तिचा बुटक्या झेब्रा ओलांडायला शिकला होता.

९) अर्जदाराने त्याच संध्याकाळी तिघांना हॉलमध्ये बसवून खरे काय ते सांगितले. चष्मा रडली. विज्ञानाच्या बाई एवढेच म्हणाल्या की, होतं असं, आणि फळा पुसायला लागल्या, जो आधीच पुसलेला होता. मुलीने बुटक्याला त्याच्या खोक्यात ठेवले, वर फडके घातले आणि खोके छातीशी धरून घरापर्यंत अर्जदाराच्या चार पावले पुढे चालत आली. घरी आल्यावर ती म्हणाली की, तुम्ही जेवून घ्या. साहेब, ही मुलगी अर्जदाराला जन्मापासून 'ए बाबा' म्हणते. कार्यालयात अर्जदारास कोणी मान देत नाही त्याची त्याला सवय आहे, पण घरात असा मान मिळाला तर घास गिळवत नाही. अर्जदारास वाईट वाटले, आणि ते येथे मुद्दाम नमूद करीत आहे, कारण आपल्या पत्रात "संबंधितास कृत्याचे गांभीर्य समजलेले दिसत नाही" असे वाक्य आहे.

१०) (या ठिकाणचा एक परिच्छेद अर्जदाराच्या पत्नीने वाचून खोडला आहे. तो आपल्याविषयी होता.)

११) काल, गुरुवारी, अर्जदाराने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. रंगाच्या पिंपांवर घालायची काळी ताडपत्री घरी आणली, धुतली, गच्चीत ताणून चारी टोकांना विटा ठेवल्या, आणि मूळ कागद शनिवारी रंगाने माखला होता म्हणून चौकातली वाट पावलांनी मोजून, इंच-फुटांचा हिशेब उलटा लावून, ती जशीच्या तशी आठ फुटांत उतरवली. शाळा सुटल्यावर तिघांना बोलावले. मुलीने बुटक्याला रेघेवर ठेवले. नागमोडी भाग त्याने सहज पार केला. गोल घेतला, छेद ओलांडला, काटकोनात वळला. मग ती मधली गायब झालेली जागा आली. स्पर्धेत सगळ्यांचे यंत्र तिथेच भरकटते असे बाईंनी आधीच बजावले होते. बुटक्या तिथे पोचला आणि थांबला. चष्माने डोळ्यांवर हात घेतले.

बुटक्याने मान डावीकडे वळवली. उजवीकडे वळवली. त्याला पलीकडची रेघ दिसली, आणि तो रस्ता ओलांडून तिच्यावर जाऊन लागला.

गच्चीत जो आरडाओरडा झाला त्याबद्दल खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तक्रार केली आहे. ती आपल्या विभागाकडे येण्याचे कारण नाही. सांगायचे ते हे की, झेब्र्यावर शिकलेली सवय नसती तर बुटक्याला पलीकडची रेघ सापडली नसती. बाईंनी दहा वेळा चालवून पाहिले. दहाही वेळा त्याने थांबून दोन्हीकडे पाहिले. बडबड्याचे म्हणणे आहे की हे श्रेय आपल्या कार्यालयाच्या आराखड्याचे आहे आणि आपले अभिनंदन करावे. ते यासोबत करीत आहे.

१२) आता रविवारच्या रेघेविषयी. स्पर्धेच्या दोन फेऱ्या आहेत. पहिली फेरी ठरलेल्या, म्हणजे पाकिटातल्याच, वाटेची. दुसऱ्या फेरीत मदतनीस पालकाने पुढे येऊन, पंचांच्या समक्ष, पट्टी, दोरी किंवा चिकटपट्टी यांपैकी काहीही न वापरता, काळ्या फळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चार फुटांची पांढरी रेघ हाताने मारायची आणि संघाच्या यंत्राने तिच्यावरून जायचे. रेघ जितकी सरळ तितके यंत्र कमी अडखळते. नोंदवलेला पालक हजर नसेल तर संघाला दुसऱ्या फेरीत उतरता येत नाही, आणि नाव आता बदलता येत नाही. 'निवडीचे कारण' या रकान्यात मुलीने लिहिले ते या रेघेसाठी होते, हे अर्जदाराला काल कळले. तोपर्यंत त्याला वाटत होते की ते नुसते कौतुक आहे आणि खोकी उचलायला माणूस हवा असेल.

खरे सांगायचे तर अर्जदार घाबरला आहे. बावीस वर्षांत त्याने दोरी लावल्याशिवाय रेघ मारलेली नाही. या शहरातली सर्वांत सरळ रेघ अर्जदार मारतो हे खरे, पण त्यात दोरीचा मोठा वाटा आहे, आणि हे त्याने मुलीला कधी सांगितलेले नाही. काल संध्याकाळपासून तो काळ्या कागदाच्या पट्ट्यांवर हात बसवतो आहे. एकेचाळीस पट्ट्या झाल्या. पहिले दोन फूट रेघ छान जाते. तिसऱ्या फुटाला पोचले की पत्र क्रमांक ३१८ ची आठवण होते आणि ती वाकते.

१३) चौकाविषयी अर्जदारास कोणी विचारलेले नाही, पण गेली बावीस वर्षे तो रस्त्याकडे पाहतो आहे म्हणून दोन ओळी. पूर्वी दहाच्या सुमारास फाटकात चारी बाजूंनी गाड्या घुसत आणि कोणीही मागे हटत नसे. सोमवारपासून सगळे आपल्या गाडीचे पाहून गोल फिरू लागले. गोल फिरायचे तर एकाच दिशेने फिरावे लागते, त्यामुळे हॉर्न बंद झाले. गाडी शिकवणारे एक मास्तर रोज सकाळी आपल्या शिकाऊ मंडळींना तिथे घेऊन येतात. सकाळी फिरायला येणारी आजोबामंडळी रेघेवरून चालतात, आणि रेघ गायब होते तिथे थांबून गप्पा मारतात. आपले चालक तर म्हणाले की, पहिल्या दिवशी लाज वाटली, आता एक फेरी मारल्याशिवाय गाडी लावावीशी वाटत नाही. हे चौघांच्या सह्यांनिशी जोडले आहे. चालकांनी सही आडवी केली आहे, ओळखू येऊ नये म्हणून. तरीही पट्टे चुकीचे आहेत ते आहेतच, आणि पुसायचे ते अर्जदार पुसणारच. फक्त सोमवारी.

१४) सबब अर्जदाराची नम्र विनंती आहे की,

(अ) पुसण्याचे काम रविवारऐवजी सोमवार, दिनांक १७ रोजी ठेवावे. अर्जदार सकाळी सहा वाजता मशीन घेऊन हजर राहील आणि कार्यालय उघडण्यापूर्वी निदान गोल तरी पुसून देईल.

(आ) ते शक्य नसल्यास रविवारी नऊ ते दहा या वेळेत नागमोडी भाग पुसू द्यावा, मग दोन तासांची सवलत द्यावी, आणि परतल्यावर उरलेले पुसून घ्यावे. स्पर्धेचा हॉल दुचाकीने वीस मिनिटांवर आहे. मध्ये एक झेब्रा लागतो, तिथे अर्जदार थांबतो.

(इ) तेही शक्य नसल्यास स्पर्धाच चौकात भरवण्याबाबत आपल्या स्तरावरून संबंधितांना कळवावे. वाट तिथे आखलेलीच आहे.

(ई) आणि यांपैकी काहीच नियमात बसत नसेल, तर आपल्या पत्रात असे लिहिले आहे की रविवारी संबंधिताने "खाली सही करणाऱ्याच्या समक्ष" काम करावे. समक्ष कोठे, हे लिहिलेले नाही. तेव्हा आपणच अकरा वाजता स्पर्धेला यावे ही विनंती. अर्जदार आपल्या समक्ष काम करील. तिसऱ्या रांगेत अर्जदाराच्या पत्नीच्या शेजारची खुर्ची धरून ठेवली आहे. तिने परिच्छेद दहा खोडलेला आहे, त्यामुळे आपण निर्धास्त बसावे.

१५) एक कबुली द्यायची राहिली. काल गच्चीतून सगळे गेल्यावर मुलगी ताडपत्रीची घडी घालायला थांबली. घडी घालता घालता ती म्हणाली की, बाबा, रविवारी रेघ तूच मारणार आहेस ना? अर्जदार हो म्हणाला. आपली परवानगी नव्हती, रजेचा अर्ज दिलेला नव्हता, पत्र क्रमांक ३१८ खिशात होते, तरी हो म्हणाला. ही शिस्तभंगाची बाब आहे हे त्याला ठाऊक आहे. याबद्दल खुलासा मागवल्यास तो देण्यात येईल. पण साहेब, दिलेला होकार मी मागे घेणार नाही. पट्टे पुसायला मी सोमवारी येतो, मंगळवारी येतो, आपण म्हणाल तितक्या वेळा येतो. रविवारी मला जाऊ द्या. एकदा माझी रेघ चुकली आहे, आता तिच्यासमोर एक नीट मारायची आहे.

(वरील परिच्छेदात काही ठिकाणी 'मी' असे लिहिले गेले आहे. ते 'अर्जदार' असे वाचावे.)

आपल्या उत्तराची वाट पाहत आज पाच वाजेपर्यंत जिन्याच्या खालच्या बाकावर बसलेला,

आपला नम्र, आणि रविवारी गैरहजर राहू इच्छिणारा,

(सही)
पट्टे मारणारा, पथक क्रमांक दोन

सोबत :
१) 'निवडीचे कारण' या रकान्याची प्रत (दोनदा धुतलेली; परत मिळावी).
२) चौकाचा वापर करणाऱ्या चौघांच्या सह्या (एक आडवी).
३) स्पर्धेच्या नियमांचे पान, दुसऱ्या फेरीखाली रेघ ओढून.
४) चार फुटांची हाताने मारलेली रेघ, नमुना क्रमांक एकेचाळीस. गुंडाळी केली आहे, कृपया घडी घालू नये. पट्टी लावून तपासावी. तिसऱ्या फुटाजवळ किंचित वाकली आहे. परवानगी मिळाल्यास सरळ येईल. वाकलेल्या जागेशेजारी पेन्सिलीने लिहिलेला मजकूर अर्जदाराचा नसून त्याच्या मुलीचा आहे, आणि तो अर्जदाराने आत्ता गुंडाळी करताना पाहिला. तो असा : "बुटक्या इथूनही नीट जातो. मी चालवून बघितलंय. फक्त बाबा पाहिजे."